‘गेला’ आणि ‘वेंट’

इंग्रजी शिकावयास बसलेल्या मराठी विद्यार्थ्याला भूतकाळाचा पाठ प्रथम फार सोपा वाटतो. क्रियापदाच्या शेवटी ‘ई’ आणि ‘डी’ ही दोन अक्षरे जोडली की काम झाले. ‘वॉक’ म्हणजे चालणे. चालला म्हणावयाचे असेल तर ‘वॉक्ड’. ‘प्ले’ म्हणजे खेळणे; खेळला म्हणजे ‘प्लेड’. त्यात लिंगाचा विचार नाही, वचनाचाही नाही. मराठीत ‘तो चालला’, ‘ती चालली’, ‘ते चालले’, ‘त्या चालल्या’ अशी रूपे बदलत जातात. इंग्रजीत मुलगा चालो की मुलगी, एक चालो की शंभर, ‘वॉक्ड’ हे ‘वॉक्ड’च राहते. परकी भाषा आपल्या भाषेहूनही सोपी निघाली, हे पाहून विद्यार्थ्यास हायसे वाटते.

हे समाधान फार दिवस टिकत नाही. पुढच्याच पानावर त्याला ‘गो’ भेटते. ‘गो’ म्हणजे जाणे. शिकलेल्या नियमाप्रमाणे तो वहीत ‘गोएड’ असे रूप लिहितो आणि वही परत येते तेव्हा त्याखाली तांबडी रेघ असते. खरे रूप ‘वेंट’. ‘गो’ आणि ‘वेंट’ यांत एक अक्षर समान नाही, एक ध्वनी समान नाही. एवढ्यावरच भागत नाही. ‘ईट’चे ‘एट’, ‘राइट’चे ‘रोट’, ‘बाय’चे ‘बॉट’, ‘टेक’चे ‘टुक’ अशी एकाहून एक निराळी रूपे त्याच्यापुढे येऊन उभी राहतात. आणि ‘कट’ व ‘पुट’ यांची तऱ्हा तर अशी की, काळ बदलला तरी ती मुळीच बदलत नाहीत.

मग पाढ्यांप्रमाणे घोकंपट्टी सुरू होते. ‘गो, वेंट, गॉन’; ‘कम, केम, कम’; ‘डू, डिड, डन’. पहिले रूप, दुसरे रूप, तिसरे रूप असा एकच सूर वर्गावर्गांतून ऐकू येतो. परंतु पाढे आणि ही रूपे यांत मोठा फरक आहे. सात आठे छप्पन्न विसरले, तरी सात साते एकोणपन्नासांत सात मिळवून ते पुन्हा काढता येते. ‘वेंट’ विसरले, तर ‘गो’कडे कितीही निरखून पाहिले तरी ते सापडावयाचे नाही. म्हणून विद्यार्थी मनात म्हणतो, ‘या इंग्रजांना साधा नियमसुद्धा पाळता येत नाही का?’

त्याचा हा राग समजण्यासारखा आहे. परंतु रागावण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार करावयास हवा. ‘गोएड’ लिहिणारा मुलगा मूर्ख ठरतो काय? त्याने एक नियम ऐकला, तो नीट समजून घेतला आणि पूर्वी न पाहिलेल्या शब्दास तो लावून पाहिला. हिशेब करणारा मनुष्य याहून निराळे काय करतो? त्याचे उत्तर चुकले. त्याची रीत चुकली नाही.

खुद्द इंग्रजांची मुलेही असेच करतात. इंग्रजी ही ज्यांच्या आईची भाषा आहे, अशी तीनचार वर्षांची मुले ‘गोएड’ आणि ‘कम्ड’ म्हणताना आढळतात. विशेष म्हणजे त्यांतली पुष्कळ मुले त्यापूर्वी ‘वेंट’ आणि ‘केम’ असे बरोबर म्हणत असतात. आरंभी ती मोठ्यांचे ऐकून शब्द जसाच्या तसा उचलतात. पुढे त्यांना नियम उमगतो आणि त्या नव्या आनंदात ती तो सर्वत्र लावीत सुटतात. यथावकाश कोणता शब्द नियमाबाहेरचा हे ध्यानात येते आणि ‘वेंट’ पुन्हा आपल्या जागी येते. मूल मागे गेले असे वाटते, तेव्हा वस्तुतः ते एक पायरी वर चढलेले असते.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन विदुषीने याविषयी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत मुळीच नसलेले काही शब्द तिने तयार केले आणि चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रे दाखवून ते शब्द वापरावयास सांगितले. चित्रातला माणूस ‘रिक’ करतो आहे. काल त्याने काय केले? ‘रिक’ हा शब्द मुलांनी जन्मात कधी ऐकला नव्हता. तरीही बहुतेकांनी ‘रिक्ड’ असे उत्तर दिले. न ऐकलेल्या शब्दाचे रूप पाठ असणे शक्यच नव्हते. अर्थात मुलांच्या मनात नियम तयार झालेला होता. गंमत अशी की, ‘ग्लिंग’ या दुसऱ्या एका बनावट शब्दाचे रूप मुलांनी ‘ग्लिंग्ड’ असे केले, तर मोठ्या माणसांपैकी पुष्कळांनी ‘ग्लँग’ किंवा ‘ग्लंग’ असे केले. ‘सिंग, सँग, संग’ या रूपांचा सहवास मोठ्यांना अधिक घडलेला होता, त्याचा हा परिणाम.

आता जरा आपल्या मराठीकडे वळून पाहू. ‘बस’चे ‘बसला’, ‘पड’चे ‘पडला’, ‘चाल’चे ‘चालला’. धातूला ‘ला’ जोडला की मराठीतला भूतकाळ झाला. या हिशेबाने ‘जा’चे रूप ‘जाला’, ‘ये’चे ‘येला’, ‘कर’चे ‘करला’ आणि ‘मर’चे ‘मरला’ व्हावयास हवे. परंतु आपण ‘गेला’, ‘आला’, ‘केला’ आणि ‘मेला’ असे म्हणतो. ‘खा’चे ‘खाल्ला’ होते, तर ‘पी’चे ‘प्याला’. ‘घे’मध्ये कोठून तरी एक ‘त’ शिरतो आणि ‘घेतला’ होते. ‘सांग’मध्ये ‘ित’ शिरून ‘सांगितला’ होते. ‘चढ’चे ‘चढला’, मग ‘उड’चे ‘उडला’ का नाही? तेथे ‘उडाला’च म्हणावे लागते. ‘जा’ आणि ‘गेला’ यांत तरी कोणते अक्षर समान आहे? ‘गो’ आणि ‘वेंट’ यांना नावे ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरातच हा प्रकार जन्मापासून चालू असतो. पण त्याचे त्याला कधी नवल वाटलेले नसते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी आपले मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध केले. त्याच्या पूर्वी शेकडो वर्षे मराठी बोलली जात होती. पहाटे जात्यावर बसून ओव्या गाणाऱ्या बायांनी कोणतेही व्याकरण पाहिले नव्हते. पण ‘गेला’ म्हणावयाचे तेथे त्यांच्या तोंडून चुकूनही ‘जाला’ निघत नव्हते. त्यांना ही रूपे कोणी घोकावयास लावली नव्हती. ती त्यांनी ऐकली होती आणि वापरली होती.

मग ही रूपे अशी वाकडी का झाली? ‘गेला’चा इतिहास पाहिला म्हणजे त्याचे उत्तर मिळते. संस्कृतात जाणे या अर्थाचे एकाहून अधिक धातू आहेत. त्यांपैकी ‘या’ हा एक आणि ‘गम्’ हा दुसरा. ‘या’ धातू प्राकृतात ‘जा’ झाला आणि त्यावरून मराठीतले ‘जाणे’ आले. ‘गम्’ धातूपासून ‘गत’ हे रूप झाले. प्राकृतात त्यातला ‘त’ झिजून गेला, पुढे त्याला ‘ल’चा प्रत्यय लागला आणि आपले ‘गेला’ तयार झाले. म्हणजे ‘जाणे’ एका घराण्यातले आणि ‘गेला’ दुसऱ्या घराण्यातला. काळाच्या ओघात दोघांनी एकत्र संसार थाटला. ‘होणे’ आणि ‘झाला’ यांचीही हीच कथा. ‘होणे’ हे ‘भू’ धातूचे वंशज, तर ‘झाला’ हा जन्मलेला या अर्थाच्या ‘जात’ या शब्दापासून आलेला. ‘केला’ आणि ‘मेला’ यांत मात्र घराणे बदललेले नाही. ‘कृत’ आणि ‘मृत’ ही जुनी संस्कृत रूपेच झिजत झिजत तेथवर आली आहेत.

इंग्रजीतल्या ‘वेंट’ची हकीकत ‘गेला’च्या हकीकतीसारखीच आहे. इंग्रजीत ‘वेंड’ नावाचे एक वेगळे क्रियापद होते. वळणे, वाट धरणे असा त्याचा अर्थ. ‘सेंड’चे ‘सेंट’ होते, त्याप्रमाणे ‘वेंड’चे ‘वेंट’ होत असे. ‘गो’चे स्वतःचे भूतकाळी रूप त्या वेळी निराळेच होते. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते जुने रूप मागे पडले आणि त्याच्या जागी शेजारचे ‘वेंट’ येऊन बसले. आपले रूप असे दुसऱ्याने नेल्यावर ‘वेंड’ने स्वतःकरिता ‘वेंडेड’ असे नवे, नियमाप्रमाणे चालणारे रूप करून घेतले. एवढे कळले म्हणजे ‘वेंट’ विक्षिप्त वाटत नाही. पुष्कळ दिवस राहिल्यामुळे घरचाच होऊन गेलेला तो एक पाहुणा आहे.

‘सिंग, सँग, संग’ आणि ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’ यांची गोष्ट थोडी वेगळी. येथे कोणी बाहेरून आलेले नाही. शब्दाच्या पोटातला स्वर तेवढा बदलला आहे. हा बदल लहरीने झालेला नाही. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तिच्यातही पिणे या अर्थाचे क्रियापद ‘ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन’ असेच चालते. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८१९ साली आपल्या जर्मन व्याकरणाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. आपल्या भावाबरोबर त्याने लोककथा गोळा केल्या, त्यामुळे जगातली मुले त्याला ओळखतात. पोटातला स्वर बदलून भूतकाळ दाखविणाऱ्या क्रियापदांना त्याने ‘बलवान’ असे नाव दिले आणि बाहेरून प्रत्ययाचा आधार घेणाऱ्यांना ‘दुर्बल’ असे म्हटले. ज्यांना विद्यार्थी बेशिस्त समजतो, ती क्रियापदे ग्रिमच्या हिशेबी बलवान होती! प्रत्यय जोडण्याचा नियम नंतरचा आहे. स्वर बदलण्याचा नियम त्याहून फार जुना आहे.

तो किती जुना असावा, याची खूण आपल्याही भाषेत सापडते. ‘लिखित’ आणि ‘लेख’, ‘बुद्ध’ आणि ‘बोध’, ‘युक्त’ आणि ‘योग’ या जोड्या पाहाव्यात. शब्दाची चौकट तीच आहे. आतला स्वर तेवढा पालटला आहे. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे असे मत मांडले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाचे असणे शक्य नाही. त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत. इंग्रजी आणि जर्मन या भाषाही त्याच कुळातल्या आहेत, हे पुढील अभ्यासाने पक्के झाले. इंग्रजीतले ‘इज’ हे संस्कृत ‘अस्ति’चे नातेवाईक आहे, ‘बी’ हे ‘भू’चे, आणि ‘वॉझ’ हे राहणे या अर्थाच्या ‘वस्’ धातूचे. असणे या एका साध्या क्रियेकरिता इंग्रजीने तीन धातू एकत्र बांधले आहेत, आणि ते तिन्ही संस्कृत जाणणाऱ्याच्या ओळखीचे आहेत.

येथे एक शंका येते. जुनी रूपे पुष्कळ होती, मग त्यांतली काही टिकली आणि काही का गेली? ‘हेल्प’ म्हणजे साहाय्य करणे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात त्याचे तिसरे रूप ‘होल्पन’ असे आढळते. आज ते ‘हेल्प्ड’ आहे. ‘होल्पन’ नियमाला शरण गेले. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली अशा क्रियापदांची मोजणीच केली. सुमारे १२०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे त्यांनी निवडली आणि पुढे त्यांचे काय झाले ते पाहिले. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी १४५ अनियमित उरली होती; आजच्या इंग्रजीत ९८ उरली आहेत. बाकीच्यांना ‘ई-डी’ चिकटले. यामागचे कारणही त्यांना आढळले. जे क्रियापद लोकांच्या तोंडी अधिक, ते अधिक काळ टिकले. एखादे क्रियापद दुसऱ्याच्या मानाने शंभरपट कमी वापरात असेल, तर ते दहापट वेगाने नियमाकडे वळते, असे त्यांचे गणित निघाले.

खेड्यातल्या पायवाटेचेही असेच असते. नदीवर पाणी भरावयास जाणाऱ्या वाटेवर गवत उगवत नाही, कारण रोज पहाटेपासून तिच्यावर पावले पडत असतात. जिच्यावरून कोणी जात नाही, ती वाट एका पावसाळ्यात दिसेनाशी होते. ‘गो’, ‘डू’, ‘सी’, ‘से’, ‘टेक’, ‘गेट’, ‘हॅव’, ‘बी’ ही इंग्रजीतली रोजच्या पाण्याची वाट आहे. सर्वांत अधिक वापरात असलेली दहा क्रियापदे घेतली, तर ती दहाच्या दहा अनियमित आहेत. मराठीतही ‘जाणे’, ‘येणे’, ‘करणे’, ‘होणे’, ‘खाणे’, ‘पिणे’, ‘देणे’, ‘घेणे’ यांच्यावाचून कोणाचा एक दिवस तरी जातो काय? वाकडी रूपे नेमकी याच शब्दांना आहेत. दररोज ओठांवर असल्यामुळे ती पुसली गेली नाहीत.

उलट नव्याने भाषेत येणारे शब्द निमूटपणे नियमाखाली येतात. इंग्रजीत दूरध्वनी आला तेव्हा ‘फोन’चे ‘फोन्ड’ झाले. संगणकाच्या युगात ‘ईमेल’चे ‘ईमेल्ड’ झाले. मराठी माणूस अशा वेळी वेगळी युक्ती करतो. तो नव्या शब्दापुढे ‘करणे’ ठेवतो आणि ‘फोन केला’, ‘ईमेल केला’ असे म्हणतो. त्यामुळे शब्द कितीही नवा असला, तरी त्याच्याबरोबर ‘केला’ हे फार जुने रूप चालतच राहते. क्वचित एखादा शब्द उलट्या दिशेनेही जातो. १६११ च्या त्याच बायबलात ‘डिग’, म्हणजे खणणे, याचे रूप ‘डिग्ड’ असे नियमाप्रमाणे आहे. आज मात्र सर्वजण ‘डग’ म्हणतात. शब्द असे आत येतात, बाहेर जातात; त्यांना कोणी हुकूम केलेला नसतो.

इतिहास कळल्याने कुतूहल भागते. पण परीक्षेत किंवा बोलताना योग्य रूप निवडावयाचे, त्याचे काय? त्यालाही उपाय आहेत. पहिला उपाय असा की, ही क्रियापदे वर्णानुक्रमाने घोकू नयेत. कुटुंबाकुटुंबाने ओळखून घ्यावीत. ‘कट, पुट, शट, हिट, हर्ट’ हे न बदलणारे कुटुंब. ‘सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन’ हे स्वर बदलणारे. ‘कीप, स्लीप, स्वीप, वीप’ यांचे ‘केप्ट, स्लेप्ट, स्वेप्ट, वेप्ट’ होते. ‘सेंड, स्पेंड, लेंड, बिल्ड’ यांचा शेवटचा ‘ड’ जाऊन तेथे ‘ट’ येतो. ‘थिंक, ब्रिंग, बाय, टीच, कॅच’ यांची रूपे ‘थॉट, ब्रॉट, बॉट, टॉट, कॉट’ अशी एका सुरात येतात. सुटे मणी हरवतात. ओवलेली माळ हरवत नाही.

मात्र शब्दाच्या चेहऱ्यावर भुलू नये. ‘सिंग’चे ‘सँग’, म्हणून ‘ब्रिंग’चे ‘ब्रँग’ करण्याचा मोह अनेकांना होतो. ‘फाइंड’ म्हणजे सापडणे. त्याचे रूप ‘फाउंड’. परंतु ‘फाउंड’ नावाचे एक स्वतंत्र क्रियापदही आहे. त्याचा अर्थ स्थापन करणे, आणि त्याचे रूप ‘फाउंडेड’. ‘लाय’ म्हणजे आडवे पडणे. त्याचे दुसरे रूप ‘ले’. पण ‘ले’ हे ठेवणे या अर्थाचे निराळे क्रियापद आहे आणि त्याचे रूप ‘लेड’. ‘लाय’ म्हणजे खोटे बोलणे असाही अर्थ आहे. तेव्हा मात्र ‘लाइड’. म्हणून रूप निवडण्यापूर्वी अर्थ निवडावा लागतो. संशय आला तर शब्दकोश उघडावा. अनियमित क्रियापदाची रूपे त्या शब्दाशेजारीच छापलेली असतात. काहीच छापलेले नसेल, तर तो शब्द सामान्यतः नियमाने चालणारा समजावा. कधी तेथे दोन रूपे दिसतील. ‘लर्न’चे ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’ ही दोन्ही बरोबर आहेत. ‘गेट’चे तिसरे रूप इंग्लंडात ‘गॉट’, तर अमेरिकेत पुष्कळदा ‘गॉटन’ असते. अशा ठिकाणी एकास बरोबर आणि दुसऱ्यास चूक म्हणण्याची घाई करू नये.

एक चूक मात्र मराठी विद्यार्थ्यांच्या हातून विशेष होते. तो ‘मी गेलो नाही’ याचे इंग्रजी ‘आय डिड नॉट वेंट’ असे करतो. ही चूक त्याच्या मायबोलीतून आलेली आहे. मराठीत ‘मी गेलो’ या वाक्याचा नकार करताना ‘गेलो’ जागचे हलत नाही. ‘नाही’ हा शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतो, एवढेच. इंग्रजीत ‘डिड’ पुढे येते आणि भूतकाळाचे ओझे आपल्या डोक्यावर घेते. ते एकाने उचलल्यावर दुसऱ्याने उचलावयाचे कारण उरत नाही. म्हणून मागचे क्रियापद आपल्या मूळ रूपात मोकळे राहते: ‘आय डिड नॉट गो’. प्रश्नातही तसेच. ‘तू गेलास का?’ म्हणजे ‘डिड यू गो?’ एवढे समजले म्हणजे ही चूक पुन्हा होण्याचे कारण राहत नाही.

पण समजणे निराळे आणि वेळेवर जिभेवर येणे निराळे. कुटुंबे ओळखली, शब्दकोश पाहिला, तरी बोलण्याच्या ऐन क्षणी ‘टॉट’ऐवजी ‘टीच्ड’ तोंडून निघून जाते. आणि येथेच पुष्कळ मुलांचे इंग्रजी कायमचे अडते. वर्गात कोणी तरी फिदीफिदी हसते. मग दुसरे हसते. हसण्याची लाट शेवटच्या बाकापर्यंत जाते. बोलणारा मुलगा खाली बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर येत असते, पण तो हात वर करीत नाही. तिसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. त्याच्या वहीत रूपांचे तक्ते सुंदर अक्षरांत लिहिलेले असतात; पण त्याचा आवाज वर्गात ऐकू येत नाही. ज्यांना घरी इंग्रजीचा एक शब्दही ऐकावयास मिळत नाही, अशा मुलांवर तर हा प्रसंग अधिकच येतो. बोलून पाहण्यासाठी त्यांना वर्गावाचून दुसरी जागा नसते.

हसणाऱ्यांना वाटते की आपण थोडी गंमत केली. त्यांनी काय केले ते मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. हजार वर्षे ही रूपे लोकांच्या नित्य वापरामुळे भाषेत टिकली. एका मुलाच्या मनातही ती वापरल्यावाचून टिकत नाहीत. नियमाची रूपे मनुष्य एकटा बसून तयार करू शकतो. नियमाबाहेरची रूपे दुसऱ्याकडून ऐकावी लागतात, आपण बोलावी लागतात, चुकावी लागतात आणि पुन्हा बोलावी लागतात. ज्याला गप्प केले, त्याच्या पायाखालची वाटच काढून घेतली.

घरातले लहान मूल बोलावयास लागते तेव्हा तेही चुकते. दाराशी उभे राहून ते एखादे दिवशी म्हणते, ‘आई, बाबा जाले!’ आई त्याला तीन रूपे घोकावयास लावत नाही. ती हातातले काम करता करता म्हणते, ‘हो रे बाळा, गेले हं बाबा. कुठे गेले, सांग बघू?’ मूल लगेच म्हणते, ‘शेतावर गेले.’ आईने चूक दाखविली नाही आणि चूक तशीच सोडलीही नाही. बरोबर शब्द तिने उत्तरात ठेवून दिला आणि पुढचा प्रश्न विचारून तो त्याच्याकडून वापरून घेतला. मराठी बोलणारे सर्वजण ‘गेला’, ‘केला’ आणि ‘आला’ असेच शिकले आहेत; आज कोणाला ते आठवत नाही, एवढेच.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. त्या वयात मूल चुकण्यास भीत नाही. ती निर्भयता सातवीआठवीपर्यंत टिकावयाची असेल, तर शेजारच्या बाकावरचा मित्रही आईचे हे काम करू शकतो. समजा, एखादी मुलगी वर्गात उभी राहून म्हणते, ‘येस्टरडे आय गोएड टू द मार्केट.’ शेजारची मैत्रीण हसत नाही. ती विचारते, ‘यू वेंट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?’ पहिली मुलगी क्षणभर थांबते. ‘आय वेंट’, ती हळूच म्हणून पाहते. मग ‘बाय’चे रूप आठवू लागते, ‘थॉट, ब्रॉट’ अशी ती माळ मनातल्या मनात ओढते, आणि म्हणते, ‘आय बॉट अ पेन.’ वर्ग ऐकत असतो. ती आणखी काय काय विकत घेतले ते सांगू लागते.